थारोळ्यातलं पाणी

नवा जिल्हा होऊन सात महिने झाले होते, तरी कचेरीतल्या निम्म्या छापील कागदांवर अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं. ते खोडायचं, वर ‘लातूर’ लिहायचं आणि मग पुढचा मजकूर, अशी रीत पडली होती. पंचशीला सोनकांबळेचं अक्षर नेटकं, म्हणून हे खोडकाम तिच्या वाट्याला आलं. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली ही मुलगी आपणहून फारसं बोलायची नाही. पट्टी लावून, एका रेघेत खोडायची.

मार्चच्या एकवीस तारखेला, सोमवारी, टपालात एक जाड लिफाफा आला. पत्ता जुन्या जिल्ह्याचा असल्यामुळे तो बराच हिंडून आला होता. पत्र फेब्रुवारीतलं होतं. अव्वल कारकून शिवमूर्ती अप्पांनी ते चष्म्यासमोर धरलं आणि मोठ्यानं हसले.

“दीपगृह! जहाजांना वाट दाखवायचा दिवा. सोनकांबळे बाई, इथं हिरीला पाणी न्हाई आन् हे लोक समुद्राचं विचारून राहिले. लिहा, निरंक.”

पंचशीलानं पत्र हातात घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

“अप्पा, हे दीपगृहं मागत नाहीत. शब्दांचे अर्थ मागताहेत.”

पत्र कोकणातल्या एका दीपगृहावरच्या सहायक अभियंत्यांचं होतं. तिथं शंभर वर्षांपूर्वीचं यंत्र होतं. माणसाहून उंच काचेचा पिंजरा, त्याला फिरवणारं पितळी चाकांचं घड्याळ आणि मनोऱ्याच्या पोटात दोरावर लोंबणारं वजन. वजन हळूहळू खाली उतरायचं, त्यावर घड्याळ चालायचं आणि काच फिरायची. आता तिथं विजेचा दिवा बसणार होता. जुनं यंत्र जागच्या जागी जतन करावं, असं अभियंत्यांचं म्हणणं. बंद पडलेलं धूड ठेवून काय करायचं, असं वरच्यांचं. शेवटी ठरलं होतं ते असं: शुक्रवारी, पंचवीस तारखेला दुपारी समिती येईल. तिच्यासमोर यंत्र तासभर बरोबर वेगानं फिरलं तर राहील. नाही तर काच गोदामात आणि पितळ भट्टीत.

यंत्र दोन वर्षं अडून बसलं होतं. ते चालवणारा शेवटचा माणूस, व्यंकटी धोंडिबा वाघमारे, मुक्काम कोपरवाडी, तालुका अहमदपूर, निवृत्त होऊन गावी परतला होता. त्याला थेट लिहिलेलं पत्र परत आलं होतं, म्हणून हे कचेरीला. जाताना त्यानं यंत्राची सगळी निगा एका वहीत लिहून ठेवली होती. वही मराठीत, अक्षर सुवाच्य, आणि तरी तिथं कुणाला काही उमगत नव्हतं.

‘खालील शब्दांचे अर्थ कळवावेत,’ अभियंत्यांनी लिहिलं होतं. ‘नाडा. सोंदूर. धाव. थारोळे. तसेच वहीत “रात्री बैल चार वेळा मागे घेतले” अशी नोंद वारंवार आहे. या दीपगृहावर बैल कधीही नव्हते, असे जुन्या कागदपत्रांवरून दिसते. “थारोळ्यातले पाणी मळले की काच जड होते, पाणी गाळून घ्यावे” या सूचनेनुसार आम्ही पिण्याच्या पाण्याची टाकी दोनदा गाळून घेतली. फरक पडला नाही.’

पंचशीलानं हे मोठ्यानं वाचलं तेव्हा अप्पांचं हसू जागच्या जागी थांबलं.

“आरं तिच्या! ही तर मोट हाय!”

ते खुर्चीतून उठले. टेबलाची कड म्हणजे विहिरीचा काठ झाली, कचऱ्याची टोपली म्हणजे मोट. “हे बघा बाई. मोट म्हंजे कातड्याची पखाल, तिला खाली सोंड. वरच्या चाकावरनं जातो तो जाडा दोर, नाडा. सोंडेला बांधलेला बारीक दोर, तो सोंदूर. बैल उतारावरनं खाली पळाले की मोट वर येती. त्यो उतार म्हंजे धाव. वर आली की सोंदूर सोंडेला धरतोय आन् पाणी भडाभडा पडतंय थारोळ्यात. दगडाचा हौद असतोय तसला. मग बैल मागं घ्यायचे, मोट परत खाली.”

“सोंदूर न्हाई म्हणत आमच्याकडं,” शिपाई रेवणसिद्ध दारातून म्हणाला. तो निलंग्याकडचा. “सोल म्हणतेत.”

“तुमच्याकडं काय, अर्धं कानडी!”

“अन् तुमच्याकडं अर्धं काय हाय, अप्पा?”

बघता बघता भांडार शाखेतले, आवक-जावकचे, सगळे जमले. नाडा अंबाडीचा चांगला की केकताडाचा, यावर दोन गट पडले. डिझेल इंजिनं आल्यापासून वीस वर्षांत कुणी मोट हाकली नव्हती, पण प्रत्येकाच्या हातात दोर आल्यासारखं झालं होतं. अहमदपूर गावात वाढलेल्या पंचशीलानं मोट कधी पाहिली नव्हती. ती सगळं लिहून घेत होती. शेवटी तिनं विचारलं, “हे मोटेचं झालं. पण त्या यंत्रात थारोळं कुठलं?”

ते एकट्या वाघमारेंनाच ठाऊक.

त्या काचेची आकृती पंचशीलानं परीक्षेत काढली होती, पाच गुणांसाठी. भिंगाचा मधला जाड भाग काढून टाकायचा आणि कडांच्या पायऱ्या तेवढ्या ठेवायच्या. काच हलकी होते, उजेड तसाच सरळ जातो. असं भिंग खरोखर कुठंतरी आहे आणि ते शुक्रवारी गोदामात जाणार आहे, हे तिला काही केल्या चालेना.

“अप्पा, उद्या मी कोपरवाडीला जाऊन येऊ?”

“जा. आन् रजा टाकू नका, कामावर म्हणून लिहा. जिल्ह्याचं पहिलं समुद्राचं काम हाय.”

मंगळवारी दहाच्या सुमारास ती कोपरवाडीच्या फाट्यावर उतरली. रानं उघडी पडलेली, टँकरची वाट बघत घागरींची रांग लावलेली. वाघमारेंचं घर बुद्धविहाराच्या मागं होतं. लिंबाखाली बाजेवर एक उंच, वाळका म्हातारा उताणा पडलेला, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. शेजारी त्याची बायको धुरपताबाई सुपात तूर पाखडत होती.

“जयभीम काका. मी लातूरच्या कचेरीतनं आले.”

“जयभीम. डोळ्याच्या खर्चाचा कागद आला व्हय?”

“हलू नगा,” धुरपताबाई म्हणाली. मग पंचशीलाकडं वळून, “मोतीबिंदू काढून धा दिवस झालेत. डाक्टर म्हणला, महिनाभर धक्का बसू द्यायचा न्हाई. शिंकायचं न्हाई, वाकायचं न्हाई. ह्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं.”

पंचशीलानं पत्र वाचायला सुरुवात केली. वहीचा उल्लेख आला तसा म्हातारा गंभीर झाला. बैलांचं आलं तेव्हा त्याच्या ओठाची कड हलली. आणि पिण्याच्या टाकीपाशी आल्यावर बाज करकरायला लागली.

“टाकी गाळली! दोनदा!”

“डोळा! आवो डोळा!” धुरपताबाई सूप टाकून धावली. “हसायचं न्हाई म्हणलाय त्यो!”

“आगं, सोळा वर्षं व्हतो मी तिथं. ती टाकी कुणी एकदा गाळली न्हाई. बरं झालं, माझ्या वहीनं एवढं तरी काम केलं.” दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरत तो कसाबसा थांबला. “पोरी, थारोळं म्हंजे काचेच्या बुडाखालची गोल कढई. तिच्यात पारा. त्या पाऱ्यावर सगळी काच तरंगती.”

पंचशीलाची पेन्सिल थांबली. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड. त्यावर लोखंडही तरंगतं, मग काच का नाही तरंगणार? हे तिला माहीत होतं, फक्त माहीत असलेलं असं कुठं उभं असेल हे माहीत नव्हतं.

“म्हणजे एवढी काच हातानं फिरते?”

“करंगळीनं. पण पाऱ्यावर मळ धरला की रुतून बसती. पारा काढायचा, हरणाच्या कातड्यातनं गाळायचा, परत भरायचा.”

“मग वहीत पारा का नाही लिहिलं, काका?”

म्हाताऱ्यानं उघड्या डोळ्यानं तिच्याकडं नवलानं पाहिलं. “आता नाडा लिवला, सोंदूर लिवला, आन् थारोळ्यात पारा लिवू? थारोळ्यात पाणीच असतंय की.”

तिनं थारोळ्यापुढं ‘पारा’ लिहिलं.

मग त्यानं सांगितलं. पहिल्या दिवशी साहेबानं यंत्र दाखवलं, एकेका भागाचं इंग्रजी नाव घेतलं. व्यंकटीची शाळा चौथीपर्यंतची. एकही नाव डोक्यात बसेना. मग त्यानं मनोऱ्याच्या पोटात डोकावून पाहिलं. खाली अंधार, वर चाक, चाकावर दोर, दोराला ओझं. “मला एकदम आमच्या हाडकीतली हीर दिसली. महारकीच्या इनामातला तुकडा, त्यात बापानं स्वतः खणलेली. मी म्हणलं, हात्तिच्या, ही तर मोट. पाण्याच्या जागी उजेड काढायचा, एवढंच. वजन म्हंजे बैल. वजनाचा दोर त्यो नाडा. वेग धरणारी बारीक दोरी, त्यो सोंदूर. वजन तळाला गेलं की दांडा फिरवून वर घ्यायचं, म्हंजे बैल मागं घ्यायचे. त्या दिवसापास्नं कधी चुकलो न्हाई.”

“आन् बहात्तरच्या दुष्काळात मी हिकडं खडी फोडली,” धुरपताबाई म्हणाली, “आन् ह्यो गडी तिकडं काच पुसत बसला.”

“पुसावी लागती. डाग पडला तर जहाजाला दिसत न्हाई.”

पंचशीलानं डाव्या बाजूला मोटेचा शब्द आणि उजव्या बाजूला यंत्राचा भाग असा तक्ता केला, खाली आकृती काढली आणि त्याला वाचून दाखवली. मग समितीचं सांगितलं. म्हातारा दोन्ही हात बाजेवर टेकून उठून बसला.

“भट्टीत घालतेत?”

“नाही फिरलं तर.”

“भट्टीत?” त्यानं पुन्हा विचारलं. मग पायांनी चपला शोधायला लागला. “आज मंगळवार. रात्रीची गाडी धरली तर परवा पोचतो.”

“बसा खाली,” धुरपताबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण तो बसला. “येष्टीच्या धक्क्यानं डोळा हातात येईल. मग काय करशीला तिथं? आंधळा काय दिवा दाखवणार?”

तिचं म्हणणं खरं होतं. पंचशीला दुपारी अहमदपूरच्या पोस्टात आली आणि तिनं आयुष्यातली सगळ्यात लांब तार केली. थारोळे म्हणजे पाऱ्याची कढई, पारा कातड्यातून गाळा, इथपासून शेवटपर्यंत. पोस्टमास्तर संगप्पांनी शब्द मोजता मोजता दोनदा मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

उत्तर गुरुवारी लातूरच्या कचेरीत आलं. ‘काच सुटली. फिरते. वेग जमत नाही. फेरी वीस सेकंदांची हवी. समिती उद्या तीन वाजता. दोन वाजता अहमदपूर पोस्टात ट्रंक कॉल करतो. वाघमारे यांना आणावे.’

“मी बी येणार,” अप्पा म्हणाले. “मोटेचं काम हाय. तुम्ही बाई शहरातल्या.”

शुक्रवारी दीड वाजता, कोपरवाडीला धाडलेल्या निरोपाप्रमाणे, अहमदपूरच्या पोस्टासमोर एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत चार वाकळा एकावर एक घातलेल्या, त्यावर व्यंकटी, आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी घागरीसारखं धरून बसलेली धुरपताबाई. दोन कोस ती तशीच आली होती. गाडीवान शपथेवर सांगत होता की त्यानं बैलांना एकदाही पळू दिलं नाही.

दोन वाजले. सव्वादोन झाले. अप्पांनी घड्याळाकडं पाहणं सोडून पोस्टमास्तरांकडं पाहायला सुरुवात केली. दोन वीसला घंटी वाजली.

व्यंकटीनं फोन कानाला लावला. लांबून, खरखरीतून, अभियंत्यांचा आवाज आला. फोनची तार लांबवून त्यांनी तो यंत्राच्या खोलीपर्यंत नेला होता.

“थारोळ्यात पाणी काठापर्यंत भरलं का?” व्यंकटी ओरडला. लांबच्या फोनवर ओरडावंच लागायचं.

पोस्टाच्या दारात एक बाई रिकामी घागर घेऊन चालली होती. ती थबकली. “कुठं पाणी आलं?”

“थारोळ्यात,” आत कुणीतरी म्हणालं.

“कुठल्या थारोळ्यात?” तिच्यामागं आणखी तिघी थांबल्या. रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारली. बघता बघता दारात दहा-बारा घागरी जमल्या.

“मावशी, समुद्रावरचं बोलणं हाय,” अप्पा बाहेर येऊन म्हणाले.

“समुद्रावर पाणी आलं हे आता सांगून राहिलेत व्हय?” ती बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या; पण हलल्या मात्र नाहीत. काय चाललंय ते बघायला तिथंच उभ्या राहिल्या.

“कुणी बोलू नका,” व्यंकटी म्हणाला. मग फोनमध्ये, “साहेब, तुम्ही बी बोलू नका. ते फोनचं तोंड यंत्राजवळ धरा. ऐकू द्या मला.”

त्यानं उघडा डोळाही मिटून घेतला. पंचशीला त्याच्यापुढं मनगटावरचं घड्याळ धरून उभी राहिली. दर फेरीला यंत्रात एक खटका पडायचा. खटका ऐकू आला की व्यंकटी बोट वर करायचा.

बोट वर झालं. थोड्या वेळानं पुन्हा झालं.

“सतरा,” पंचशीला म्हणाली.

“पळून राहिलंय,” तो पुटपुटला. “आन् कुरकुर बी हाय. साहेब! सोंदूरच्या टोकाला कातड्याची चकती हाय का? कोरडी पडलीय ती. कोरडं कातडं धरत न्हाई, घसरतंय. एरंडेल हाय?”

एरंडेल नव्हतं. खोबरेल होतं.

“लावा मग, तुमच्याकडं नारळाला काय तोटा. चार थेंब. जास्त न्हाई. मग सोंदूर जरा आवळा.”

“तीन मिनिटं झाली,” मधूनच एक्स्चेंजवरच्या मुलीचा आवाज आला.

“चालू ठेवा!” फोनपासून चार हातांवरून अप्पा गरजले. “सरकारी काम हाय!”

पुन्हा बोट. पुन्हा बोट.

“तेवीस.”

“आता लई आवळला तुम्ही. बैलाचा गळा धरल्यावाणी. एक बोट सैल सोडा.”

“एकोणीस.”

“अर्धं बोट आवळा. न्हाई, पाव.”

पंचशीलाची नजर सेकंदकाट्यावरून हलत नव्हती. तिला यंत्राचा आवाज येत नव्हता, समुद्र माहीत नव्हता. समोर फक्त एका म्हाताऱ्याचं सुरकुतलेलं बोट होतं.

बोट वर गेलं.

“वीस,” ती म्हणाली.

पुन्हा गेलं.

“वीस.”

तिसऱ्यांदा गेलं तेव्हा दारातल्या बायकाच म्हणाल्या, “वीस!” त्यांच्यापैकी कुणाकडं घड्याळ नव्हतं, पंचशीलाच्या तोंडावरून त्यांना कळलं होतं.

“कुरकुर गेली,” व्यंकटी हळूच म्हणाला. “आता हात लावू नका कुणी. फकस्त बैल येळेवर मागं घ्या.” आणि लाइन तुटली.

तीन ते साडेचार हा वेळ कसा गेला ते कुणालाच सांगता आलं नसतं. संगप्पांनी चहा मागवला. अप्पांनी नाड्याचा विषय काढला आणि गाडीवानाशी वाद घातला. व्यंकटी बाकावर ताठ बसला होता, हातांची बोटं एकमेकांत अडकवून. दर वीस सेकंदांनी त्याचा अंगठा जरासा हलत होता. पंचशीलानं तो मोजून पाहिला. एकदाही चुकला नाही.

चार बेचाळीसला घंटी वाजली.

या वेळी अभियंत्यांनाही ओरडायचंच होतं; फोन संगप्पांच्या हातात असतानाच सगळ्यांना ऐकू गेलं. “फिरलं! तास आणि पाच मिनिटं! समितीच्या अध्यक्षांनी स्वतः करंगळीनं काच फिरवून पाहिली. लहान मुलासारखे तीनदा! यंत्र राहणार, वाघमारे! जागच्या जागी राहणार!”

अप्पांनी संगप्पांना मिठी मारली. दोघांची त्या दिवसाआधी ओळखही नव्हती. दारातल्या बायकांनी घागरी वाजवल्या. घागरी रिकाम्या होत्या, त्यामुळं आवाज चांगला घुमला. व्यंकटीच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं, तशी धुरपताबाईनं पदर काढला. “त्या डोळ्यातनं चालंल. ह्या डोळ्यातनं आलं तर बघा.”

व्यंकटीनं फोन घेतला, पुढचं ऐकलं आणि ठेवला. मग म्हणाला, “मे महिन्यात या म्हणतेत. नवी माणसं घेतलीत दोन, त्यांना शिकवायला. पट्टी निघाली की.”

“किती जणांला बोलावलंय?” धुरपताबाईनं विचारलं.

“मला.”

“बाई, दोघं येतेत म्हणून कळवा,” ती पंचशीलाला म्हणाली. “सोळा वर्षं ह्यांनी ती काच पुसली. घरात आरसा हाय, त्याला कधी बोट लावलं न्हाई. एकदा बघून तर येते, असं काय हाय तिच्यात.”

पंचशीलानं तारेचा कोरा फॉर्म पुढं ओढला. अभियंत्यांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मजकुराच्या जागी आल्यावर ती थांबली आणि कधी नव्हे ते आपणहून बोलली.

“तिघं लिहू का, मावशी?”

धुरपताबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. वाटेत भाकरी किती लागतील याचा ती अंदाज घेत असावी.

“लिही,” ती म्हणाली. “पण खिडकीची जागा माझी.”